पिसवांचं घर

कुत्रं मागच्या पायानं मान खाजवू लागलं की घरच्यांचं लक्ष कुत्र्याकडे जातं, आणि पिसवांच्या बाबतीत पहिली गफलत तिथेच होते. त्याला धरून आंघोळ घातली जाते, दुकानातून आणलेली पावडर चोळली जाते, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा खाजवणं सुरू. मग कुणी म्हणतं औषधच बोगस होतं, कुणी म्हणतं पावसाळा आहे, पिसवा व्हायच्याच. शेवटी कुत्र्याला ओटीवरून हुसकून विषय मिटवला जातो. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत घराघरांत कुत्रं-मांजर आहे, बऱ्याच ठिकाणी त्याच छपराखाली शेळ्याही आहेत, आणि जूनपासून पुढे हवेतला ओलावा महिनोन्महिने हटत नाही. इथे हा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पिसू ही जनावराची कमी आणि जमिनीची जास्त असते. हे एकदा पटलं की आपण आजवर करत आलो त्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं, आणि जे उरतं ते फारसं खर्चाचं नाही.

पूर्ण वाढलेली पिसू जनावराच्या अंगावर चढली की सहसा आपणहून खाली उतरत नाही. तिथेच रक्त पिते, तिथेच अंडी घालते. भरपूर रक्त मिळालेली मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रं अंग झाडतं, लोळतं, कूस बदलतं आणि अंडी खाली सांडत जातात. जिथे ते सर्वांत जास्त वेळ पडून असतं तिथे सर्वांत जास्त. कीटकांचे अभ्यासक एक ढोबळ हिशेब सांगतात. पिसवा झालेल्या घरात अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतात. साधारण निम्मी अंडी असतात, एक तृतीयांशाहून थोड्या जास्त अळ्या आणि बाकीचे कोष, आणि हे सगळं जमिनीवर, फटीत, अंथरुणात. म्हणजे आंघोळ आणि पावडर यांनी आपण शंभरातल्या पाचांशी लढतो आणि पंचाण्णवांना हातही लावत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही गत आहे. अंड्यातून निघणारी अळी पांढरट, केसाएवढी बारीक असते. तिला डोळे नसतात, तरी उजेड तिला सोसत नाही. ती खाली, आत, अंधारात सरकत जाते. तिचं अन्न काय, तर वर जनावराच्या अंगावर असलेल्या मोठ्या पिसवांची विष्ठा. ही विष्ठा म्हणजे बहुतांशी वाळलेलं रक्तच. अंड्यांबरोबर तीही खाली गळते, म्हणजे पिलांचं जेवण पिलांबरोबरच जमिनीवर पोचतं. उबदार, दमट हवेत, सत्तावीस अंश सेल्सिअसच्या आसपास, अंड्यापासून नवी पिसू तयार व्हायला तीन ते चार आठवडे पुरतात.

या सगळ्यात कोषाची अवस्था नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपले बहुतेक प्रयत्न तिथे फसतात. अळी स्वतःभोवती जे रेशीम विणते ते चिकट असतं. त्याला माती, धूळ, केस चिकटतात आणि कोष जमिनीच्याच रंगाचा होऊन जातो. औषधाची फवारणी त्याच्या आत फारशी पोचत नाही. आतली पिसू तयार झाली तरी बाहेर यायची घाई करत नाही. वरून पाय पडल्याचा दाब, जमिनीची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांपैकी काही जाणवलं की ती कोष फोडते आणि जवळच्या पायावर उडी घेते. काहीच जाणवलं नाही तर ती थांबते. हवा मानवली तर काही महिने थांबते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुत्र्याचं नेहमीचं गोणपाट उचलावं. ते सावकाश, न झटकता, एका पांढऱ्या कापडावर उलटं करून थोपटावं. खाली पडलेल्या कचऱ्यात काळे बारीक कण दिसतील, स्वल्पविरामासारखे किंचित वाकडे, आणि त्यांच्यात पांढरे, लंबगोल, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे दाणे दिसतील. काळ्या कणांवर ओला कापूस दाबून ठेवला की मिनिटाभरात त्यांच्याभोवती तांबूस-तपकिरी कडं पसरतं. साधी माती असेल तर असं होत नाही. ते कडं म्हणजे कुत्र्याचंच रक्त. पांढरे दाणे म्हणजे अंडी. कुत्र्याच्या अंगावर एकही पिसू सापडली नाही तरी गोणपाटाखालचा हा पुरावा पुरेसा आहे. गोचिडीची गोष्ट निराळी. ती कातडीला चिकटून फुगते, बोटांनी उपटता येते, तिची अंडी बहुधा भिंतीच्या भेगांत असतात, आणि तिचा बंदोबस्तही वेगळा. दोघींना एकाच नावानं आणि एकाच औषधानं हाताळण्याची सवय मोडली पाहिजे.

आता या भागातल्या जमिनी पाहू. अळीला सावली लागते, ओल लागते. हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या खाली गेला की ती सुकून मरते, आणि पस्तीस अंशांवरची उष्णताही तिला सोसत नाही. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत काय असतं? दाट सावली, पाण्यानं ओल धरलेली माती, पानांचा थर, आणि त्यावर दुपारभर पसरलेलं राखणीचं कुत्रं. चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या ओलाव्यावर हे फळ पोसतं त्याच ओलाव्यावर पिसवांची अळीही पोसते, हे वाडीवाल्यांनी ध्यानात ठेवायला हवं. डहाणू, झाईच्या किनाऱ्यावर मांगेल्यांच्या घरांत ओटीवर जाळी, दोर, बोये यांचे ढीग असतात, खाली पुळणीची वाळू असते, आणि मासळीच्या वासावर टिकून राहिलेली मांजरं त्याच ढिगांत वितात. तलासरीकडे उधवा, झरी, किंवा डहाणूतच गंजाड, सायवन अशा आतल्या गावांत कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली घरं अजून आहेत, जिथे शेळ्या आणि कोंबड्या रात्री माणसांबरोबर आत घेतल्या जातात. डहाणू रोड स्टेशनभोवतीच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत लादी आली, पण सोफ्याच्या गाद्या, पायपुसणी आणि पलंगाखालची धूळ तिथेही आहेच. घराचा घाट कुठलाही असो, शोधायची जागा एकच: जनावर झोपतं तो हातभर तुकडा आणि त्याच्या आजूबाजूच्या फटी.

इथे शेणानं सारवलेल्या जमिनीवर आळ येतो. शिकलेली माणसं म्हणतात, शेणामातीची जमीन म्हणजे पिसवांना आमंत्रण. लादी घाला, सुटाल. उलट बाजूनं जुनी माणसं सांगतात की सारवलेल्या घरात किडा होत नाही. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. अळीला लागते ती भेग आणि सुटी धूळ. दर आठवड्याला सारवलेली, भेगा लिंपलेली, घट्ट जमीन तिला आसरा देत नाही, कारण सुटी माती बांधली जाते आणि फट बुजते. पण तीच जमीन दोन महिने सारवली नाही, तिचे पोपडे निघाले, खांबाच्या बुडाशी आणि कुडाच्या पायथ्याशी चिरा पडल्या, की अळीला याहून चांगली जागा नाही. लादीचं तसंच. लादी धुतली जाते, पण सांधे, उंबऱ्याची खाच, भिंतीला टेकून ठेवलेली चटईची गुंडाळी यांच्याकडे पाहिलं जात नाही. जमीन कशाची आहे याहून तिच्या भेगा कोण बुजवतं हा खरा प्रश्न आहे, आणि ते काम बहुतेक घरांत एकट्या बाईच्या अंगावर असतं, जी सकाळी मजुरीला जाऊन संध्याकाळी परत येते. म्हणून सारवण सुटलं की तिला बोल लावू नये. घरातल्या इतरांनी माती कालवावी.

पिसवांशी लढाई जमिनीवरची आहे याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच मुंबईत मिळालेला आहे, आणि तो फार मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी यंत्रणा भिंतींवर चुना मारत होती, घराघरांत कार्बॉलिक ॲसिड ओतत होती. शत्रू कोण हेच ठाऊक नव्हतं. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत उंदरावरून उंदरावर प्लेग पिसवांमार्फत जातो हे दाखवलं, पण त्याच्यावर लगेच कुणी विश्वास ठेवला नाही. 1905 पासून प्लेग कमिशननं परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झालेल्या संस्थेत, हाच प्रश्न तडीला नेला. त्यांचा एक प्रयोग फार साधा आणि फार बोलका आहे. पिसवा असलेल्या जागेत काही गिनिपिग जमिनीवर मोकळे सोडले, काही जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले आणि काही दोन फूट उंचीवर टांगले. मोकळे आणि दोन इंचांवरचे प्लेगनं पकडले. दोन फुटांवरचे वाचले. पिसवांची झेप तेवढी जात नव्हती. प्लेग झालेल्या घरात किती पिसवा आहेत हे मोजायलाही ते गिनिपिगच खोलीत सोडत आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचून मोजत. जनावर हा सापळा, आणि पिसवांचं ठाणं खोलीच्या जमिनीत, हे यातून उघड झालं.

ती पिसू उंदराची होती. कुत्र्या-मांजरांवरची पिसू प्लेग पसरवण्याच्या बाबतीत फार दुबळी आहे, तेव्हा घरातल्या कुत्र्यावर चार पिसवा दिसल्या म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण झेपेचा हिशेब दोघींना लागू पडतो. कुत्र्या-मांजरांची पिसू वीतभर उडी मारते. म्हणून मोठ्या माणसांना चावे येतात ते घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. खाटेवर झोपणाऱ्याला ती क्वचित गाठते. जमिनीवर चटई टाकून झोपणाऱ्या पोराच्या मात्र अंगभर तिचा हात पोचतो, आणि ते पोर रात्रभर खाजवतं. खाजवलेलं चिघळतं. या दोन तालुक्यांत कितीतरी मुलं जमिनीवरच झोपतात, आणि पायांवरचे चिघळलेले फोड ही गरिबीचीच खूण समजून त्यांच्याकडे कानाडोळा केला जातो. कुत्र्याच्या पोटातला एक पट्टकृमीही पिसवांच्या मार्फतच फिरतो: अंग चावताना कुत्रं पिसू गिळतं, पिसवांमधला कृमी त्याच्या पोटात वाढतो, आणि कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. करडांचं तर याहून वाईट होतं. मांजराची पिसू म्हणून जिचं नाव पडलं आहे ती शेळीवरही चांगली वाढते, आणि दोन-तीन आठवड्यांच्या करडावर शेकडोंनी बसली तर त्याचं रक्त कमी होऊन हिरड्या पांढऱ्या पडतात. ज्या घराचं वर्षाचं रोखीचं उत्पन्न चार शेळ्यांवर आहे त्या घरात करडू मरणं ही लहान गोष्ट नाही.

प्लेगच्या इतिहासातली आणखी एक नोंद विसरू नये. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला. त्याआधी तिथे उंदीर मरून पडू लागले होते आणि पिसवांचा उपद्रव वाढल्याची गावकऱ्यांची तक्रार होती. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा दुसरं अंग शोधतात, म्हणून या दोन गोष्टी एकत्र येतात. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेग झाला आणि तिथून लाखो माणसं गाड्या भरभरून निघाली. त्यातल्या कित्येक गाड्या डहाणूवरून गेल्या. सुरतेतला प्रकार फुप्फुसाचा होता, श्वासातून पसरणारा, तेव्हा त्याचा दोष थेट पिसवांवर टाकता येणार नाही. मामल्याचा धडा मात्र पाड्यापाड्यावर माहीत असावा: घरात उंदीर आपोआप मरून पडत आहेत आणि पिसवाही वाढल्या आहेत असं एकाच वेळी दिसलं, तर मेलेल्या उंदराला हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावं.

आता बंद घरांची गोष्ट, जी मला या भागापुरती सर्वांत महत्त्वाची वाटते. दिवाळी झाली, भात झोडून झाला की इथली कितीतरी आदिवासी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी बांधकामावर, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. घराला कडी लागते. होळीला काहीजण येऊन जातात, बाकीचे पावसाच्या तोंडावर परततात. परतल्यावर पहिल्याच रात्री पायांवर पिसवा तुटून पडल्या की लोक चकित होतात. घरात महिनोन्महिने कुणी नव्हतं, कुत्रंही नव्हतं, मग या आल्या कुठून? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर कोषात आहे. अंगावर न पोचलेली मोठी पिसू रक्ताशिवाय फार दिवस जगत नाही, तेव्हा उघड्यावरच्या पिसवा मरूनच गेलेल्या असतात. पण कोषातल्या पिसवा थांबलेल्या असतात. रिकाम्या घरात ना पाऊल, ना ऊब, ना श्वास. त्यांनी बाहेर यायचं कशासाठी? त्यात ओटीवर पाड्यातली एखादी कुत्री किंवा मांजर व्यायली असेल तर अंड्यांची भरही पडत राहिलेली असते. मग एके दिवशी दार उघडतं, सहा माणसं आत चालतात, बोचकी आपटतात, चूल पेटते, आणि महिनोन्महिने थांबलेले कोष एकदम फुटतात. वैशाखातलं कोरडं ऊन त्यातले बरेच मारतं हे खरं, पण समुद्राच्या जवळ, कौलांखालच्या सावलीत, फटीत खोल असलेले वाचतात. म्हणून परत आल्यावर गोधड्या पसरण्याआधी घर उघडं टाकून कोपऱ्याकोपऱ्यांतली धूळ झाडून ती चुलीत जाळणं, भेगा लिंपणं, आणि पहिले काही दिवस पोरांना खाटेवर किंवा माचावर झोपवणं, एवढं केलं तरी पुष्कळ त्रास टळतो.

याच कोषामुळे चांगली औषधंही बदनाम होतात. पशुवैद्यानं दिलेलं औषध कुत्र्याच्या मानेवर घातलं, त्या दिवशीच्या पिसवा मेल्या, आणि दहा दिवसांनी पुन्हा अंगावर पिसवा दिसल्या, तर औषध फसलं असं समजून माणूस ते बंद करतो. प्रत्यक्षात त्या नव्या पिसवा आधीच्या अंड्यांच्या असतात. कोषातून निघून त्या औषध असलेल्या अंगावर चढलेल्या असतात आणि अंडी घालण्याआधी मरणार असतात. जमिनीतला साठा असा संपायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढे महिने औषध अंगावर टिकलं पाहिजे. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनसारखं मानेवर घालायचं औषध साधारण महिनाभर पुरतं. फ्लुरालॅनरची गोळी कुत्र्याला बारा आठवडे पुरते. कुठलं, किती, हे जनावराच्या वजनावर आणि वयावर ठरतं, म्हणून पशुवैद्याला विचारूनच द्यावं. यातूनच कुत्र्याला हाकलून देण्याच्या तोडग्याचं उत्तरही मिळतं. हाकललं तर जमिनीतल्या पिसवा जमिनीतच राहतात, आणि कुत्रं नाही म्हटल्यावर माणसांवर येतात. औषध घातलेलं कुत्रं घरात हिंडत राहिलं तर तेच परळच्या गिनिपिगचं काम करतं: पिसवांना अंगावर घेतं, फरक एवढाच की त्या तिथे मरतात.

एकदाच जालीम फवारणी करून सगळा निकाल लावावा असंही अनेकांना वाटतं. घरात फवारलेल्या डीडीटीनं मागच्या पिढ्यांना हिवतापापासून आणि ओघाओघानं पिसवांपासूनही दिलासा दिला, हे मी नाकारत नाही. पण 1960 च्या सुमारासच पुण्याकडच्या उंदरांच्या पिसवा डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. शिवाय फवारणी कोषात जात नाही, हे वर आलंच आहे. त्याहून मोठी भीती निराळी आहे. वाडीत चिकूवर मारायचं कीटकनाशक घरात हाताशी असतं, आणि तेच पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतायचा मोह होतो. अशा औषधानं कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, अंगाला कंप सुटतो, झटके येऊन ते मरू शकतं, आणि त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातालाही ते लागतं. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते मांजराला कधीच लावू नये, कारण मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. रॉकेलनं कातडी भाजते, तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन हे विषच आहे, आणि पिसवा पळाव्यात म्हणून कुत्र्याला लसूण चारणं म्हणजे त्याच्या रक्तातल्या पेशी फोडणं. कडुलिंबाचा पाला आणि करंजाचं तेल यांच्याविषयी मी इतकं कठोर बोलणार नाही. त्यांच्या उग्र वासानं काही पिसवा काही काळ दूर राहत असतील, पण त्यांच्या भरवशावर जमीन सोडून देता येत नाही.

गोळीचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. एका गोळीत मजुरीचे एक-दोन दिवस जाऊ शकतात, आणि पाड्यावर कुत्रं एकाच घराचं नसतं. पण जमिनीवरचा पुष्कळसा इलाज फुकटातला आहे. कुत्र्याची झोपायची जागा एकच ठेवायची, तिच्यावर दोन गोणपाटं आलटूनपालटून वापरायची, दर चार-पाच दिवसांनी एक उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात खळ्यावर पसरायचं. पावसात ऊन नसेल तर उकळतं पाणी एकटंही काम करतं. फणीनं विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. नखांनी चिरडण्यापेक्षा ते बरं, कारण साबणाच्या पाण्यात त्या बुडतात. दोन महिन्यांच्या आतल्या पिलांवर तर फणी आणि साबणाचं कोमट पाणी हाच पहिला उपाय. जाळ्यांचा ढीग हलवून खालची वाळू उन्हात उपसायची, वाडीत राखणदार कुत्र्याची सावली बदलती ठेवून तिथला पाला ओढून काढायचा. हे सगळं तीन महिने न चुकता केलं तर गोळीशिवायही पिसवा निम्म्याहून कमी होतात असं मला वाटतं, मात्र एकाच घरानं करून भागत नाही. शेजारचं कुत्रं रोज ओटीवर येऊन अंग झाडत असेल तर आपली उकळलेली गोणपाटं वाया जातात.

म्हणून यातलं थोडं काम सगळ्या पाड्याचं मिळून व्हायला हवं, आणि त्यासाठी वेगळी योजना आणायची गरज नाही. पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची, शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचायला पशुसंवर्धन खात्याची माणसं येतात. तो मे-जूनचा काळ नेमका कामावरून घरं परतण्याचा आणि कोष फुटण्याचा काळ आहे. त्याच दिवशी पाड्यातली कुत्री एकत्र आणून त्यांना पिशाळण्याची लस आणि पिसवांचं औषध देता येईल, करडांच्या हिरड्या पाहता येतील, आणि शेळीला काय चालतं, काय चालत नाही हे सांगता येईल. दूध आणि मटण माणसांच्या पोटात जात असल्यानं कुत्र्याचं औषध शेळीवर वापरून चालत नाही, हे त्या दिवशी सांगितलं तर लक्षात राहील. मांजरं मात्र अशी गोळा होत नाहीत. त्यांचं औषध संध्याकाळी, मासळी साफ करायच्या वेळी, घरच्या माणसानंच मानेवर घालावं लागेल, आणि ते घालायला किनाऱ्यावरच्या बायांइतकं तरबेज दुसरं कुणी मिळणार नाही.